पहिल्या ओळीतली पाटी

हितोयोशी, ६ एप्रिल १९९९

श्री. कुरामोची यांस,

पत्राच्या आरंभी ऋतूबद्दल चार शब्द लिहायची आपली रीत आहे. ते वगळते. मला राग आला आहे, आणि रागात लिहिलेला चेरीचा बहर खोटा होतो.

काल मासळीवाल्याने ज्या वर्तमानपत्रात बांगडे गुंडाळून दिले, त्यात तुमचा फोटो होता. अंगात सूट, आणि शेजारी शिंगे रंगवलेला एक राक्षस तुमचा टाय ओढतो आहे. खाली ठळक अक्षरांत: ‘राष्ट्रीय ज्युदो विजेता कुरामोची व्यावसायिक कुस्तीत!’ तुमच्या गालावर खवले चिकटले होते. त्यामुळे चेहरा जरा बरा दिसत होता.

नोव्हेंबरात मास्तर गेले. शवपेटीचा पुढचा कोपरा तुमच्या हातात होता. तेव्हा मला म्हणालात, “बाई, काही लागलं तर सांगा.” मला काही लागले नाही. तुम्हाला मात्र काही सांगायचे होते, ते तुम्ही बांगड्यांमार्फत सांगितलेत.

आपल्या ज्युदोच्या तालमीचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. मास्तरांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घातलेला. पैसे घेऊन लोकांपुढे झुंजणाऱ्याच्या नावाची पाटी भिंतीवर राहत नाही. तुमची पाटी पहिल्या ओळीत, मास्तरांच्या शेजारी आहे. जानेवारीत तालमीचे वर्ष उघडताना तांदळाची वडी, मोची, फोडतो आणि पाट्या नव्याने लावतो, त्या दिवशी ती उतरेल. आधी कळवते आहे, कारण मी चाळीस वर्षे गणित शिकवले आणि कधीही न सांगता परीक्षा घेतली नाही. माझे स्वतःचे एकच गणित कायम चुकत आले: सांगितले की मुले ऐकतात, असे मी धरून चालते.

ज्युदोतले मला काही कळत नाही. डगले गार पाण्यात धुवावेत, एवढेच कळते. पण नियम कळतो.

हात्सुए तोदोरोकी


कावासाकी, २५ एप्रिल

आदरणीय बाई,

चेरीची फुलं एव्हाना गळून गेली असतील. म्हणजे गळाली असावीत. मी वर बघितलं नाही, कारण सध्या दिवसभर मी चटईकडेच बघतो आणि तिथे झाड येत नाही. ऋतूबद्दल एवढंच जमलं, माफ करा.

तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. तीनदा फोन उचलला. तुम्ही “हॅलो, तोदोरोकी” म्हणालात की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची, आणि ताठ पाठीने असली गोष्ट सांगता येत नाही. तिन्ही वेळा ठेवून दिला. तो दात नसलेला माणूस श्वास घेतोय असा आवाज यायचा ना, तो मीच.

कारण विचाराल. गुडघा गेलाय, ज्युदोच्या स्पर्धा सुटल्या. रेल्वेच्या ऑफिसात मला ‘कर्मचारी कल्याण’ खात्यात खिडकीजवळ बसवलं होतं. काम काय, तर पाहुणे आले की उभं राहायचं. साहेब म्हणायचे, “हे आमचे कुरामोची, जागतिक रौप्यपदक!” पाहुणे म्हणायचे, “अरे वा, केवढे आहेत!” मग मी बसायचो. एकतिसाव्या वर्षी मी कपाट झालो होतो, बाई. कपाटाला निदान खण असतात.

इथे कुस्तीच्या कंपनीत मी सगळ्यात नवा, म्हणून सगळ्यांच्या रश्श्यासाठी मुळे मी सोलतो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरं येऊन म्हणतात, “चॅम्पियनसाहेब, साल जाड निघतंय.” आणि दिवसभर पडायला शिकतो. फोटोतला तो राक्षस म्हणजे सुनादा-सान. वय अठ्ठेचाळीस, गेली पंचवीस वर्षं खलनायक, घरी दोन मांजरं. तेच शिकवतात. पहिल्या दिवशी म्हणाले, “पाठीवर पड.” मी पोटावर पडलो. “पाठीवर रे!” मी कुशीवर पडलो. माझं अंग ऐकतच नाही. पाठ सपाट टेकली की इप्पोन, सामना संपला, घरी जा, हे सात वर्षांचा असल्यापासून मास्तरांनी हाडांत घातलंय. सुनादा-सान म्हणतात, “तुमच्याकडे पाठ टेकली की संपतं. आमच्याकडे तिथून सुरू होतं. पड की बाबा!”

एकच मागणं. जानेवारीपर्यंत पाटी राहू द्या. दुसरं कुठलं पदक मला घरी लावावंसं वाटत नाही. ती पाटी मात्र रोज रात्री डोळे मिटले की दिसते. मास्तरांनी स्वतःच्या हाताने लिहिलीय. ‘कुरामोची’मधलं शेवटचं अक्षर जरा दाटीवाटीने, कारण लाकूड संपलं.

एइजी


हितोयोशी, १४ जून

कुरामोची,

ऋतू वगळते. पाऊस चालू आहे, हे तुमच्याकडेही दिसत असेल.

पाटी जानेवारीपर्यंत राहील असे मी आधीच लिहिले होते. जे दिलेलेच आहे ते मागण्याची तुमची सवय शाळेपासूनची आहे.

कपाटाचे वाचले. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने मला घड्याळ दिले, आणि आता मी त्या घड्याळाकडे बघत बसते. त्यामुळे फार बोलत नाही.

तालमीचे म्हणाल तर मंगळवारी पोलीस चौकीतला एक तरुण शिकवायला येतो. चांगला आहे, फेकतो सुरेख. पण त्याला पडायला शिकवता येत नाही. मास्तर सहा महिने मुलांना नुसते पाडायचे, आठवते? आया तक्रार करायच्या, “मास्तर, आमची पोरगी ज्युदो कधी शिकणार?” मास्तर म्हणायचे, “हाच ज्युदो. बाकीचं तिला आपोआप येईल.” आता मुले पहिल्या आठवड्यातच एकमेकांना फेकतात, डोके आपटते, रडतात, आणि पुढच्या मंगळवारी आईचा फोन येतो. उरलेल्यांत होनोका नावाची सात वर्षांची एक मुलगी आहे. ती पडायची वेळ आली की खांबाला मिठी मारते. मी तिला समजावले, “घाबरायचे नाही.” ती म्हणाली, “मग तुम्ही पडून दाखवा.” मी सहासष्ट वर्षांची आहे. विषय बदलला.

तुमची ती नुरा कुस्ती मी पाहणार नाही. पाठवलेले तिकीट परत करते आहे. दूरदर्शन संच माझ्याकडे फक्त बातम्यांपुरता आहे.

हा. तोदोरोकी


कावासाकी, २० जुलै

आदरणीय बाई,

उन्हाळा आला आहे. नदीत आयु मासे आले असतील, मुरोझोनो तोफूवाल्याने ह्या वर्षीही गळ टाकून नुसत्या चपला पकडल्या असतील. (हे बरं जमलं ना?)

माझा पहिला सामना झाला. तुम्ही बघणार नाही म्हणालात ते फार बरं झालं, म्हणून सगळं सांगतो.

संगीत, धूर, दिवे. लोक माझं नाव ओरडतायत. मी धावत रिंगपाशी गेलो, आणि काय झालं कळलं नाही बाई, कडेला वाकलो, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, नीट जोडून ठेवले आणि अनवाणी आत चढलो. पंचवीस वर्षांची सवय! चटईवर पादत्राणं घालून पाय ठेवायचा म्हणजे अंगावर काटा येतो. सगळं सभागृह एकदम शांत. मग पहिल्या रांगेतली एक आजी म्हणाली, “अगंबाई, संस्कार आहेत हो पोरावर!” आणि हशा असा उसळला की घोषणा करणारा माणूस स्वतःचं नाव विसरला.

पुढे आणखी शोभा. ठरलेलं होतं की सुनादा-साननी मला उचलून आपटायचं आणि मी पाठीवर पडायचं. त्यांनी उचललं. हवेत माझ्या अंगाने आपलं आपण वळण घेतलं आणि मी मांजरासारखा पोटावर उतरलो. पुन्हा उचललं. पुन्हा पोटावर. शिंगं लावलेला राक्षस माझ्या कानात गयावया करतोय, “पड ना रे राजा! माझी कंबर गेली! शेवटची गाडी चुकेल माझी!” शेवटी त्यांनी मला खांद्यावरून नुसतं सोडून दिलं. तेव्हा मात्र विचार करायला वेळ मिळाला नाही आणि मी पाठीवर पडलो. हनुवटी आत, हात चटईवर, फाट्! मास्तरांनी पहिल्या सहा महिन्यांत शिकवलेलं, तस्सं. एवढ्या मोठ्या पडण्यातही काहीच लागलं नाही. वरचे दिवे दिसत होते. बाई, मला तेव्हा हसू आलं. इतकी वर्षं मी ह्यालाच घाबरत होतो.

कंपनीने ठरवलंय की बूट काढायचं आता दर सामन्यात करायचं. एका म्हातारबुवांना ते सरळ लावायच्या कामावर ठेवलंय. मी नामांकित खेळाडू झालो, बुटांमुळे.

एइजी


हितोयोशी, ३० ऑगस्ट

कुरामोची,

उकाडा आहे. (हे ऋतुवर्णन नाही, तक्रार आहे.)

बूट जोडून ठेवायचे तर टाचा आपल्याकडे आणि टोके बाहेर, म्हणजे उतरताना सरळ पाय घालता येतात. तुम्ही टोके रिंगकडे ठेवलीत. डावा बूट अर्धी वीत पुढे होता. मास्तरांच्या तालमीत इतकी वर्षे घालवून हे?

मुरोझोनोच्या दुकानात टीव्ही असतो. मी तोफू घ्यायला गेले होते, आणि तोफू ताजा हवा असेल तर थांबावे लागते. मुरोझोनो म्हणाला, “बाई, तयार आहे की, मघाशीच झालाय.” मी म्हटले, “आणखी एक दे.” असे चार वेळा झाले. तीन दिवस मी तोफू खात होते. आता त्याच्यासमोरून गेले तरी तो हसतो, आणि शाळेत नापास झालेल्या माणसाचे हसणे फार झोंबते.

आता मुद्द्याचे. वर्तमानपत्रात आले आहे की नोव्हेंबरात तुम्ही हॉलंडच्या कुणा ठोसेबाजाशी लढणार, त्या मिक्स्ड मार्शल आर्ट नावाच्या प्रकारात, जिथे ठोसे, लाथा सगळे चालते. नुरा कुस्तीत निदान इज्जतच जाते. इथे नाक जाईल. तुम्ही ज्युदोचा डगला घालून उतरणार असेही छापले आहे. त्या डगल्याच्या पाठीवर ‘तोदोरोकी तालीम’ शिवलेले आहे. ते नाव त्या जागी जाणार नाही. ही विनंती नाही.

हा. तोदोरोकी


कावासाकी, १० ऑक्टोबर

आदरणीय बाई,

पर्सिमॉन पिकले असतील. इथे एक झाड आहे, पण ते शेजाऱ्यांचं आहे, त्यामुळे फक्त बघतो.

नाव काढलं. स्वतः बसून, नखं कापायच्या कात्रीने, एकेक टाका. सुनादा-सान म्हणाले, “दे, मी करतो, मला बायकोचे पडदे उसवायची सवय आहे.” दिलं नाही. दोरे निघाले, पण बाई, कापडावर टाक्यांची भोकं राहिली आहेत आणि तिथलं कापड जास्त पांढरं आहे. लांबून बघितलं तर नाव वाचता येतं. दोनदा धुतलं, गार पाण्यात. जात नाही. त्याला मी काय करू?

लढतो का, ते सांगतो. गेले तीन महिने लोक मला बघून हसतात. हसू दे, मलाही येतं. पण जानेवारीत तुम्ही पाटीपुढे उभ्या राहाल तेव्हा तुमच्या मनात ‘बूट काढणारा विदूषक’ येऊ नये. एक खरी झुंज, एक खरी फेक. मी जिंकलो तर पाटी राहू द्याल? नियम नियम आहे, माहीत आहे. तरी विचारतो. जे दिलेलं नाही तेही मागायची मला सवय आहे.

एइजी


कावासाकी, २८ नोव्हेंबर

आदरणीय बाई,

अक्षर वाकडं आहे, एकच डोळा उघडतो. ऋतूचं ह्या खेपेला खरंच दिसत नाही.

हरलो. तुम्हाला कळलं असेलच, पण कसा हरलो ते मीच सांगायला हवं, कारण ह्याहून मूर्ख पराभव आजवर कुणाचा झाला नसेल.

तो हॉलंडवाला माझ्याहून वीतभर उंच. अंगावर कपडा नाही, धरायला कॉलर नाही, बाही नाही. घाम लावलेला भोपळा धरल्यासारखं. दोन ठोसे खाल्ले. तिसऱ्याला तो पुढे झुकला, मी काखेतून हात घातला, वळलो, आणि बाई, गेला. पूर्ण गेला! पाय छताला, पाठ सपाट, आवाज असा की पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळल्या. आयुष्यात एवढी स्वच्छ फेक मी केली नव्हती.

आणि मग मी त्याला सोडलं. उभा राहिलो. डगला सारखा केला, पट्टा नीट केला, चार पावलं मागे माझ्या जागी गेलो आणि नमस्कारासाठी थांबलो.

इप्पोन झाला होता ना! संपलं होतं!

तो उठला. त्याला वाटलं असेल, हा काय करतोय. मी कमरेत वाकलो तेव्हा त्याचा गुडघा वर येत होता.

जाग आली तेव्हा सुनादा-सान नाकावर बर्फ धरून बसले होते. म्हणाले, “चॅम्पियनसाहेब, नमस्कार कोणाला करत होतात?” मी म्हटलं, “त्याला.” ते म्हणाले, “पोचला हो त्याला. उलट टपालाने उत्तरही आलं.” मग मान फिरवून शिंगांचा रंग पुसत बसले बराच वेळ. नाक मोडलंय, डोकं शाबूत आहे. डॉक्टर म्हणाले, पडताना हनुवटी आत होती म्हणून वाचलास. सुनादा-सान शपथेवर सांगतात की मी बेशुद्ध होतो, तरी पडताना माझा हात चटईवर आपटला, फाट्!

पाटी उतरवा. जानेवारीत येत नाही. हे नाक घेऊन मास्तरांच्या फोटोपुढे उभं राहणं मला जमणार नाही. तेवढं लाकूड मात्र चुलीत घालू नका, खणात ठेवा.

एइजी


हितोयोशी, ९ डिसेंबर

एइजी,

सकाळी कुमा नदीवर धुके इतके दाट असते की पलीकडचा काठ दिसत नाही, फक्त कुणीतरी कुत्र्याला हाक मारताना ऐकू येते. नऊनंतर ऊन येते आणि धुके एकदम उठते, जणू कुणी चादर झटकली. अंगणातल्या मुळ्यांवर पहिले हिव पडले. मास्तर ह्या दिवसांत अनवाणी तालीम पुसायचे आणि मला हाक मारायचे, “बघ, चटईवर वाफ येतेय!” मला इतकी वर्षे ती कधी दिसली नाही. मी हो म्हणत असे.

हे ऋतुवर्णन. जमले नसेल तर सवय नाही म्हणून.

मी तुझी झुंज पाहिली. मुरोझोनोच्या दुकानात, आणि तोफूचे निमित्त न करता. तू फेकलेस तेव्हा मी उभी राहिले, हात वर केला आणि ‘इप्पोन!’ असे ओरडले. माझा धक्का लागून तोफूची पाण्याची बादली आडवी झाली. मुरोझोनो म्हणाला, “बाई, अजून संपलं नाहीये!” मी म्हटले, “गप्प बस, संपले आहे.” तू जागेवर जाऊन उभा राहिलास. मी दुकानात, पाण्यात, टीव्हीपुढे कमरेत वाकले. म्हणजे आपण दोघेही एकाच वेळी मूर्ख होतो. तुला गुडघा बसला, मला सर्दी झाली.

टाक्यांच्या भोकांतले नाव टीव्हीवर वाचता येत होते. मुरोझोनोने मोठ्याने वाचले. मला राग यायला हवा होता.

आता गणित. तू जिंकलास तर पाटी राहील असे मी कुठेही लिहिले नव्हते. ते उत्तर तू स्वतः काढलेस आणि स्वतः चुकवलेस. नियम नियम आहे. पहिल्या ओळीतली तुझी पाटी मी काल उतरवली. स्टुलावर चढून, मीच. शेवटचे अक्षर खरेच दाटीवाटीने आहे, मी आधी कधी पाहिले नव्हते.

पाटी हातात घेऊन नियम पुन्हा वाचला, मूळ कागदावर, म्हाताऱ्या मामंजींच्या अक्षरात. त्यात लिहिले आहे: ‘व्यावसायिकाची पाटी गुरूच्या ओळीत नसावी.’ भिंतीवर नसावी, असे नाही. इतकी वर्षे आम्ही सगळे वाचल्याशिवायच नियम पाळत होतो, आणि मी तर दुसऱ्यांना तो शिकवत होते. म्हणून ती सगळ्यात खालच्या ओळीत, शेवटच्या खिळ्यावर लावली आहे. नव्यांच्या ओळीत. होनोकाच्या नंतर.

दुसरे. ज्युदो संघटनेचा नियम असा की व्यावसायिकाने तालमीत शिकवू नये. तोही शब्दन् शब्द वाचला. फेकले जाऊ नये, असे त्यात कुठेही नाही. आमच्या मुलांना पडणे म्हणजे काय हे पाहायला हवे आहे, आणि बेशुद्धीतही नीट पडणारा माणूस मला एकच माहीत आहे. मास्तर तुझ्याबद्दल म्हणायचे, “एइजी फेकतो चांगला, पडायचं विसरलाय.” आता आठवले असेल तर ये.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी आठला. डगला घेऊन ये, नाव मी परत शिवते. टाके वाकडे येतील. नाकही वाकडे आहे, शोभेल.

हात्सुए तोदोरोकी

ता. क. बूट टोके बाहेर करून ठेवावेत.


कावासाकी, १२ जानेवारी २०००

आदरणीय बाई,

आज ऋतू वगळतो. रविवारी आपण एकाच छताखाली होतो, एकच थंडी होती. वाफ मला दिसली, चटईवरची. तुम्ही “हो, हो” म्हणालात तेव्हा मास्तरांच्या फोटोकडे बघत होतात.

पोहोचलो. अंग मात्र अजून हितोयोशीतच आहे. सगळ्या मुलांनी रांग लावून मला फेकलं, मग पुन्हा रांग लावली, मग आयांनी लावली. “अहो, आम्हीपण एकदा?” मुरोझोनोकाकांनीही एकदा फेकलं आणि स्वतःच पडले. सुनादा-सानना सगळं सांगितलं तर विचारतात, त्या शेवटच्या खिळ्यानंतर आणखी एक खिळा मारता येईल का. शिंगं काढून येतो म्हणतात.

घाईत बोलणं झालं नाही, एक गोष्ट राहिली. तुम्ही मोचीचा रस्सा ढवळायला गेला होतात तेव्हाची. होनोका खांब सोडून आली. आधी मला म्हणाली, “काका, तुम्ही पडा, मग मी बघते.” मी पडलो. म्हणाली, “पुन्हा.” पडलो. मग स्वतः पडली, हनुवटी आत, हात फाट्, आणि इतकी खूश झाली की माझी बाही धरून मला ओढलंच. मी गेलो. पाठ सपाट.

तिने मला सोडलं. डगला सारखा केला, पट्टा नीट केला, मागे आपल्या जागी गेली आणि थांबली.

मी उठलो, बाई, आणि कमरेत वाकलो.

एइजी